एडनचा जगन

जगनला त्याच्या गावात जगन म्हणणारी माणसं दोनच. एक त्याची आजी ठमाबाई आणि दुसरी, पुढे लग्न होऊन आली ती बायको चंद्रावती. बाकी सगळ्यांना तो ‘आरब’. देवळात आरब, मिठागरावर आरब, कुणाच्या मयताला गेला तरी आरब. ज्याला आरबीतला एक शब्द येत नव्हता त्याला हे नाव जन्मभर चिकटलं, आणि चिकटवणारे तेच, ज्यांच्या डोळ्यांदेखत त्याची आरबी जाळली गेली. गावाचं नाव सांगत नाही. जिते स्टेशनवर उतरून खाडीच्या अंगाला चालत राहिलं की लागतं, एवढं पुरे. त्यातली बरीच माणसं अजून आहेत आणि त्यांना राग लवकर येतो.

जगनचा बाप विठू मिठागरावर राबणारा गडी. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या सालांत मुंबईचा एक मुकादम खाडीकाठच्या गावांतून माणसं गोळा करत फिरला. समुद्रापलीकडे एडन नावाचं बंदर आहे, तिथं पाऊस पडत नाही म्हणून मीठ बारमाही पिकतं, मोठाल्या पवनचक्क्या समुद्राचं पाणी उपसून वाफ्यांत टाकतात, असं त्यानं सांगितलं. पाऊस पडत नाही हे ऐकून गावानं तोंडात बोटं घातली. विठू निघाला, आपल्या बायकोला, मालूला, घेऊन निघाला. गावातलाच सखा त्यांच्या सोबत गेला. ठमाबाई पेणच्या एसटी स्टँडापर्यंत पोचवायला आली होती. तिच्या दृष्टीनं पेणच्या पुढे जग संपत होतं, त्यामुळे एडन काय आणि पनवेल काय, तिला दोन्ही सारखंच लांब.

जगन एडनला जन्मला आणि मालू त्या बाळंतपणातून उठलीच नाही. शेजारी एका आरब हमालाचं घर होतं. त्याच्या बायकोच्या अंगावर तिचं स्वतःचं पोर पीत होतं. तिनं दुसऱ्या बाजूला हे घेतलं. विठू उजाडायच्या आत मिठावर जायचा तो अंधारून आल्यावर परतायचा, तेव्हा पोर झोपलेलं असायचं. जगन त्या बाईच्या अंगाखांद्यावर वाढला, तिच्या पोरांत खेळला, तिच्या हातचं जेवला आणि तिचीच भाषा बोलू लागला. विठू मुळातला अबोल. जे चार शब्द बोलायचे ते पोराला समजावेत म्हणून त्यानंही मोडक्यातोडक्या आरबीतच बोलायला सुरुवात केली. म्हणजे घरात आपली बोली उरली ती फक्त विठूच्या स्वप्नात.

पुढे विठूला खोकल्यानं धरलं. माणूस अबोल असला तरी खुळा नव्हता. सखा मुलखाला परत चालला होता, त्याच्याबरोबर त्यानं पोराला धाडून दिलं. “आपल्या मानसांत वाढू दे,” म्हणाला. तेव्हा जगन चार वर्षांचा असेल. निघताना त्या बाईनं धक्क्यापर्यंत येऊन काय आकांत केला, ते सखा पुढे कित्येक वर्षं चवीनं सांगायचा. विठू त्यानंतर महिनाभरही जगला नाही आणि त्याची माती तिकडंच झाली.

सखानं पोराला ठमाबाईच्या पडवीत आणून उभं केलं. म्हातारीनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. नाक थेट विठूचं, डोळे मालूचे. तिनं त्याला पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. पोर घाबरलं आणि काहीतरी बोललं.

“काय म्हनतं ह्ये?” ठमाबाईनं विचारलं.

“आरबी बोलतंय, ठमाक्का. आपली बोली त्याला येत नाय अजून. येल हलूहलू.”

“आरबी? माज्या विठूचं पोर आरबी कसं बोलंल?”

इथं ज्याला ठमाबाईला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं, पण तिचं म्हणणं नीट समजून घ्यावं. तिच्या हिशेबी बोली ही नाकासारखी रक्तातून येते. गाईचं वासरू कुठंही जन्मू दे, ते हंबरणारच. तिच्या उभ्या आयुष्यात तिनं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. खाडीकाठच्या बाईला खाडीकाठचंच पोर झालं आणि ते खाडीकाठचंच बोललं. तेव्हा विठूचं नाक घेऊन आलेलं पोर जर भलतंच काही बोलत असेल, तर ते पोर बोलत नाही. त्याच्या आतून दुसरं कोणीतरी बोलतंय.

जगन दिवसभर मुकाट कोपऱ्यात बसायचा. दिवेलागण झाली की मात्र पडवीच्या टोकाशी जायचा, खाडीकडे तोंड करायचा आणि एकच शब्द ओरडायचा. तोच तोच शब्द, गळा बसेपर्यंत. ती त्या बाईला मारलेली हाक होती, हे सांगायला कुणी जाणता लागत नाही. चार वर्षांचं पोर संध्याकाळच्या वेळी दुसऱ्या कुणाला हाक मारणार? पण शेजारच्या काशीबाईनं अंगावर काटा आला म्हणून पदर घट्ट ओढून घेतला आणि निदान करून टाकलं.

“खवीस हाय गो बाय. समुद्रावरचा. बोटीतून येताना लागला त्याला.”

आपल्याकडं खवीस म्हणजे परधर्मातल्या, परमुलखातल्या मेलेल्या माणसाचं भूत. बाकीची भुतं निदान आपल्या भाषेत बोलतात. खवीस बोलला तर कळत नाही. सगळं कसं चपखल बसलं. महिपती भगताला बोलावणं गेलं.

भगतानं तांदूळ टाकून पाहिले, नारळ फिरवला, धुपाचा धूर पोराच्या तोंडावर सोडला. पोर ठसकलं आणि रडत रडत पुन्हा तोच शब्द ओरडलं. “बघा, नाव सांगतोय स्वतःचं,” भगत म्हणाला. मग विळा चुलीत घातला. तापवलेल्या टोकाचे डाग बेंबीच्या भोवती दिले. हात काशीबाईनं धरले होते. पाय धरले होते सखानं.

सखानं. ज्याला पक्कं ठाऊक होतं की हा शब्द कुणाचा आहे. ज्यानं धक्क्यावरचा आकांत डोळ्यांनी पाहिला होता. त्यानं तोंड उघडलं नाही. गावासमोर भगताला खोटं पाडायचं म्हणजे वाईटपणा घ्यायचा, आणि सखाला वाईटपणा घ्यायला कधीच आवडलं नाही. अशा गोडबोल्या माणसांचं गावात फार चांगलं चालतं.

त्यानंतर जगन गप्प झाला. आरबी नाही, काहीच नाही. तो सबंध पावसाळा पोर मुकं राहिलं. डाग सुकले, भात लागलं, वाढलं, निसवलं. कापणीच्या सुमारास एका सकाळी ठमाबाई चुलीपुढे भाकर थापत असताना ते तिच्या मागे येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, “आजे, भूक.”

ठमाबाईनं हातातली भाकर टाकली. पिठाच्या हातांनी पोराला उचललं आणि अंगणात नाचली. त्या दिवशी तिनं गावात घरोघर साखर वाटली. खवीस उतरला, पोर माणसांत आलं. महिपती भगताला कोंबडा मिळाला. ती साखर सखानंही खाल्ली.

आता हेही सांगायला हवं, नाहीतर म्हातारीवर अन्याय होईल. ठमाबाईनं त्या पोराला जीव लावला. स्वतः करपलेली भाकर खाल्ली, त्याला मऊ दिली. बोंबील भाजला तर डोकं तिचं आणि मधला भाग त्याचा. मिठागरावर दिवसभर टोपल्या वाहून आली तरी झोपताना त्याच्या पोटावरून हात फिरवायची आणि त्या डागांवर बोटं आली की थांबायची. “वाचलास बाबा तू,” म्हणायची. जगनही तेच खरं धरून मोठा झाला. आपल्याला लहानपणी खवीस लागला होता आणि आजीनं आपल्याला त्याच्या तावडीतून सोडवलं, ही गोष्ट तो स्वतः दुसऱ्यांना सांगायचा, आणि सदरा वर करून डाग दाखवायचा.

फक्त एक होतं. मधूनच, काही कारण नसताना, त्याला मेंदीनं रंगलेला एक हात आठवायचा. हाताच्या पुढे चेहरा नसायचा. त्या हाताच्या बाईला आपण काहीतरी म्हणायचो, हे त्याला कळायचं. काय म्हणायचो ते मात्र जिभेच्या टोकापर्यंत येऊन परत जायचं.

जगन मिठागरावर कामाला लागला, चंद्रावतीशी लग्न झालं. ती वढावकडची, बोलायला फटकळ आणि मनानं सरळ. मग आखाताचं वारं सुटलं. ज्याला त्याला तिकडं जायचं होतं. रोह्याचा एक एजंट खाडीकाठच्या गावांतून पोरं जमवू लागला तेव्हा सखा, जो आता गावातला मानाचा म्हातारा झाला होता, छाती पुढे काढून म्हणाला, “आमच्यात एक तिकडंच जल्मलेला हाय. त्याला भाषा येते. तो ह्या पोरांचा म्होरक्या.”

“मना नाय येत,” जगन म्हणाला.

“नाय कशी येत? जल्मलास तिकडं. पान्यात पडलास का पोहाला येल आपसूक.”

गावाचं हे एक बरं असतं. एकाच माणसाबद्दल दोन उलट्या गोष्टी ते एकाच वेळी खऱ्या मानू शकतं. खवीस बोलत होता हेही खरं, आणि जगनला आरबी येते हेही खरं. ज्या पोरांचे बाप काल त्याला चिडवायला आरब म्हणत होते तेच आता आदरानं म्हणू लागले. घरी पाटावर बसवून जेवायला वाढू लागले. तिकडं आमच्या पोराला सांभाळून घे, तुझ्याच जीवावर धाडतोय, म्हणू लागले.

आणि जगन? त्याला भाषा येत नव्हती हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण त्यालाही हळूहळू वाटायला लागलं की ती आत कुठंतरी असेल. त्या मुलखाची हवा लागली की वर येईल. पगाराची, पक्क्या घराची स्वप्नं इतर पोरं बघत होती. हा पडवीत पडल्या पडल्या चंद्रावतीला सांगायचा, “ती भाषा परत आली का मना त्या बाईची हाक आठवंल. तेवढी आठवली तरी झालं.” चंद्रावती म्हणायची, “आठवून काय करनार? ती काय हाय का आता?” पण जायचं होतं ते त्यासाठीच.

तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर सगळे रांगेत उभे राहिले. जगन म्होरक्या म्हणून पुढे. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं त्याचा पासपोर्ट उघडला. जन्मगाव वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला. आपल्या मुलखातला माणूस परक्या गर्दीत भेटावा, तसा तो जगनशी आरबीत भरभरून काहीतरी बोलला. जगन हसला. त्यानं पुन्हा विचारलं. जगन पुन्हा हसला. अधिकाऱ्याचं हसू मावळलं. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेवटी झाडलोट करणारा एक हिंदी माणूस धरून आणला. तो जगनला म्हणाला, “साहब बोलता है, एडन में पैदा हुआ आदमी अरबी नहीं बोलेगा तो क्या बोलेगा? पासपोर्ट झूठा है तेरा.”

ठमाबाईचं म्हणणं बोली रक्तातून येते. या साहेबाचं म्हणणं जन्मगावातून येते. दोघांचं एकमेकांशी पटलं नसतं, पण आपल्या म्हणण्याबद्दल शंका दोघांनाही नव्हती. आणि दोघांच्या मध्ये सापडला होता जगन.

इतर पोरं पुढे गेली. मागे वळून पाहायला कुणाला सवड नव्हती. जगनला एका खोलीत बसवून ठेवलं. तिथं फरशी पुसायला एक म्हातारी आरब बाई यायची. एकदा त्यानं पुसलेल्या जागी पाय दिला तशी ती त्याच्यावर खेकसली. त्यातलं एक अक्षर त्याला कळलं नाही. पण तो चढत जाणारा सूर, शेवटच्या शब्दाला बसणारा हेलकावा कानावर पडला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हा सूर त्यानं ऐकलेला होता. असंच कुणीतरी त्याच्यावर खेकसलं होतं आणि नंतर जवळ घेतलं होतं. म्हातारी भांबावली, फडका टाकून पुढे आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारू लागली. तो नुसता रडत राहिला. त्या खोलीत बसून त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्याला खवीस लागलेला नव्हता.

त्याला परत धाडलं. गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती, आणि बातमीला पाय फुटायचे ते फुटले होते. कुणी म्हणालं, चोरी केली. कुणी म्हणालं, साहेबाला उलट बोलला, येते ना भाषा. जगननं त्यातल्या कुणाला उत्तर दिलं नाही. तो सरळ सखाच्या ओट्यावर गेला.

“सखाकाका, लहानपनी मी काय बोलत व्हतो?”

सखानं विडी पेटवली. विझवली. “आरबी,” म्हणाला.

“आनि ओरडत व्हतो ते?”

“त्या बाईला हाका मारत व्हतास.”

“काय हाक मारत व्हतो?”

“आता काय आठवतं रे मना? जमाना झाला.”

“तू आजीला सांगितलं व्हतंस?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं. इचार तिला.”

ठमाबाई अंगणात सुकट निवडत बसली होती. नातू परत आला म्हणून तिचा आनंद मावत नव्हता. तिकडं त्याला कुणी का हाकललं असेना, तिचं पोर तिच्या अंगणात आलं होतं. जगन तिच्यासमोर उकिडवा बसला.

“आजे, सखाकाकानं तुला सांगितलं व्हतं, मी आरबी बोलतो म्हनून?”

“व्हय.”

“मग डाग कशाला दिलेस?”

ठमाबाईचे हात थांबले. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि त्या वयात ती लावून घेणंही शक्य नव्हतं. तिनं सुकट बाजूला सारली.

“तू रोज त्या बाईला हाका मारायचास, मना कलायचं,” म्हणाली. “मी पुढ्यात असायची आनि तू खाडीकडं तोंड करून तिला बोलवायचास. माजा विठू गेला, सून गेली. तू एकटा उरलास आनि तू मना आजी म्हनत नव्हतास. मना वाटलं, खवीस असंल तर बरं. उतरवता तरी येल.”

जगन उठला. त्या दिवसापासून तो ठमाबाईशी बोलला नाही.

हा अबोला नऊ वर्षं चालला. भांडण नाही, आदळआपट नाही. रोह्याला रसायनाची एक कंपनी होती, तिथं तो कामाला लागला. शिफ्टची नोकरी, म्हणून खोली तिकडंच घेतली, आणि सुट्टीला एसटीनं, पुढे रेल्वे सुरू झाल्यावर गाडीनं, घरी यायचा. आला की आजीसाठी खाऊ आणायचा, खोकल्याचं औषध आणायचा, थंडीत घोंगडी आणली. पण बोलायचं ते चंद्रावतीच्या तोंडून. ठमाबाई तीन हातांवर बसलेली असायची आणि हा चंद्रावतीला म्हणायचा, “आजीला सांग, औशध जेवल्यावर घ्यायचं.” म्हातारी ऐकायची आणि म्हणायची, “त्याला सांग, घेतलं.” चंद्रावती मध्ये उभी राहून दोघांकडं बघायची. “माज्या तोंडाला काय मोल हाय का नाय? ऐकतात दोघं, मग मी कशाला सांगू?” म्हणून करवादायची. कुणी हसायचं नाही.

गंमत म्हणजे रोह्यात जगन बडबड्या म्हणून प्रसिद्ध होता. तो जिथं जेवायचा त्या खानावळीच्या विमलबाई म्हणायच्या, “ह्याला वाढायला गेलं की पंगत उठेपर्यंत सुटका नाही.” कंपनीत बिहारी होते, तेलुगू होते, त्यांच्या भाषेतले शब्द तो हौसेनं गोळा करायचा, त्यांच्यासारखं बोलून दाखवायचा. एकदा विमलबाईंना कुणीतरी सांगितलं की हा घरी आजीशी बोलत नाही. त्या म्हणाल्या, “शक्यच नाही.”

जगनला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं. आजीनं एक भाषा काढून घेतली आणि तिच्या जागी आपली दिली. ती दिलेली भाषा तो सगळ्या जगाला वाटत होता. तिला तेवढी देत नव्हता.

ठमाबाई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा तो रजा काढून आला. तिचं हगणंमुतणं काढलं, कूस बदलली, चमच्यानं पेज पाजली. ती त्याचा हात धरायची. कधी सदऱ्याखाली हात घालून त्याच्या पोटावरचे डाग चाचपायची. तो हात काढायचा नाही आणि बोलायचाही नाही. एका दुपारी ती स्पष्ट म्हणाली, “जगन, काय पन बोल. शिवी दे.” त्यानं चमचा तिच्या ओठांशी नेला. त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. गाव जमलं होतं. समोर तिवरांच्या झाडांवर कावळे बसले होते, चांगले पाच-सात. पिंडाकडे बघत होते, पण एकही उतरत नव्हता. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की असं होतं. मग ज्याला जे सुचेल ते तो मोठ्यानं बोलून मेलेल्याला वचन देतो.

“आजी, तुमची शेली इकनार नाय,” चंद्रावती म्हणाली. कावळे बसून.

“ठमाक्का, तुज्या घराकडं आमी बघू,” काठीवर भार देऊन उभा असलेला सखा म्हणाला. कावळ्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

काशीबाईनं देवीला ओटी कबूल केली. कुणी घराच्या कौलांचं बोललं, कुणी तेराव्याच्या जेवणाचं. ऊन चढलं. माणसं चुळबुळू लागली. नेमकं काय राहिलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे तेवढं सोडून बाकीचं बोलत होते. गुरुजींनी दर्भ हातात घेतला. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिवायचा, तशी सोय शास्त्रात आहे.

चंद्रावती जगनजवळ गेली. “बोला,” म्हणाली. “राग नाय म्हनून सांगा. खोटं तर खोटं. मेलेल्या मानसाला काय कलतंय?”

जगन उठला. पिंडाजवळ गेला. गुरुजींचे हात थांबले.

“आजे,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, “आजे. तू भाकर दिलीस, ती मी इसरलो नाय. पन जिनं मना दूध पाजलं तिला मी काय हाक मारायचो, ती तू जाललीस. किती शोधली मी. नाय सापडत. मरताना पन मना ती आठवनार नाय. तू वाईटावर नव्हतीस, मना म्हाईत हाय. तरी माजा राग हाय, आजे. राग नाय असं मी बोलनार नाय. राग हाय.”

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मेलेल्या माणसापुढं, पिंडापुढं, असं कुणी बोलतं का? सखा काठी आपटून काहीतरी म्हणणार, एवढ्यात तिवरावरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पुढे आला आणि पिंडात चोच घालून भात घेऊन गेला. त्याच्यामागून बाकीचे आले.

“शिवला बाबा एकदाचा,” सखा म्हणाला. माणसं हुश्श करून उठली, धोतरं झटकली आणि जेवायच्या गोष्टी बोलत गावाकडं चालू लागली. जगन तिथंच उभा होता. नऊ वर्षं तिला एवढंच हवं होतं. माफी नको होती. तो बोलायला हवा होता, मग त्यानं काहीही बोललेलं चाललं असतं. हे तिनं त्याला सांगितलंही होतं, स्वच्छ शब्दांत, त्याच्याच हाताला धरून.

चंद्रावती त्याला घरी घेऊन आली. ती पाणी तापवायला आत गेली. रजा संपली होती. जगननं पडवीत चपला काढल्या, खुंटीवरची पिशवी घेतली, तिच्यात कंपनीचा डबा टाकला आणि नेहमीच्या सवयीनं आत बघून म्हणाला, “आजीला सांग, उद्या पहिल्या गाडीनं मी रोह्याला जातोय.”

चुलीपाशी चंद्रावतीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि काय सांगावं, कुणाला सांगावं, ते तिला सुचेना.